नाक्यावरची हाक

बारा नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. खालच्या वळणावर एका लहान मालट्रकचा आवाज आला आणि तो दिवस सुरू झाला. वेळ नेमकी सांगता येते, कारण उपकरणांची नोंद घेण्यासाठी मी हातात घड्याळ धरूनच अंगणात उभा होतो. साल सांगत नाही. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. मी तेवीस वर्षांचा होतो. पुण्याहून जपानमध्ये येऊन मला दीड वर्ष झाले होते आणि डोंगरउताराची जमीन पावसाने कशी सरकते, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. ट्रक ताकेशी-सानांचा होता. ते आपल्या वडिलांना घाटावरून खाली न्यायला आले होते. मागच्या दोन्ही वर्षी बर्फ पडण्यापूर्वी ते असेच आले होते आणि रिकामा ट्रक घेऊन परत गेले होते, हे मी त्या घरात आल्यापासून ऐकत होतो.

घर म्हणजे मुळात घर नव्हे, नाका. हा घाटरस्ता ताकेशी-सानांच्या पणजोबांच्या काळी खोऱ्यातल्या गावकऱ्यांनी आपसांत वर्गणी काढून खोदला, आणि त्या बदल्यात सरकारने त्यांना येणाऱ्याजाणाऱ्यांकडून पथकर घेऊ दिला. त्यासाठी रस्त्याला लागून हे बसके लाकडी घर उभे राहिले. दर्शनी बाजूला एक सरकती खिडकी, खिडकीसमोर रस्त्यावर आडवा वासा, वाशाच्या बुडाशी भार म्हणून बांधलेला दगड, आणि मागे धुराने काळ्या झालेल्या तीन खोल्या. पथकर बंद होऊन दोन पिढ्या लोटल्या होत्या. रस्ता सरकारकडे गेला होता. घाटाची पलीकडची बाजू दरडीखाली गेल्यापासून वर जाणारा प्रत्येक जण याच वाटेने परत येई. तरी वरचा भाग ढासळता होता. पाऊस वाढला की रस्ता बंद करायचा, आणि रोज अंधारापूर्वी वर गेलेली सगळी माणसे खाली आली आहेत ना हे पाहून वासा पाडायचा, हे काम याच कुटुंबाकडे राहिले. खालून बोगदा निघाल्यावर वाहतूक तिकडे वळली. उरले जंगलखात्याचे लोक, लाकूडतोडे, क्वचित एखादा वाट चुकलेला गिर्यारोहक, आणि त्या वसंतापासून मी.

घरात दोनच माणसे होती, ताकेशी-सानांचे आईवडील. त्यांना मी ओजीसान आणि ओबासान म्हणत असे. आपल्याकडे आजोबा, आजी म्हणावे तसे. ती मला गाकुसेइ-सान म्हणत, म्हणजे विद्यार्थीबुवा. माझे नाव त्यांनी पहिल्या दिवशी एकदा उच्चारून पाहिले आणि बाजूला ठेवले. मला वाईट वाटले नाही. त्या देशात मला नावाने हाक मारणारे तसेही कोणी नव्हते. माझे मार्गदर्शक तीन तासांच्या अंतरावर विद्यापीठात होते, घरचे पत्र महिन्याने येई, आणि वरच्या उतारावर भेगांवर ताणलेल्या माझ्या पोलादी तारांखेरीज माझी वाट पाहणारे काही नव्हते. घराला मात्र आपले आवाज होते. पहाटे वासा उचलताना बिजागरीची लांब कुरकुर. घरामागे धबधबा, चोवीस तास. जमिनीत खोदलेल्या चौकोनी शेगडीवर टांगलेल्या किटलीचा सूर. आणि यांच्या वर, दिवसातून पाचसात वेळा, ती हाक.

कोणी वाशापाशी आले की ओजीसान खिडकी सरकवत, त्या माणसाला नमस्कार करत आणि मान जराही न वळवता मोठ्याने म्हणत, "एक माणूस, वर!" आतून, जिथे असतील तिथून, ओबासान तितक्याच मोठ्याने म्हणत, "एक माणूस, वर! ऐकलं!" आणि स्वयंपाकघराच्या दारावरच्या खुंट्यांच्या रांगेतली एक खुंटी बाहेर ओढत. हे उत्तर आल्यावाचून वासा उचलला जात नसे. माणूस परतला की, "एक माणूस, खाली!" आणि आतून पुन्हा तेच, खुंटी आत. घरातल्या माणसांनाही यातून सूट नव्हती; ती घरी असेपर्यंत त्यांच्या खुंट्या बाहेर असत. ओजीसानांना खालच्या गावात जायचे झाले की ते बाहेर रस्त्यावर उभे राहून रिकाम्या खिडकीकडे तोंड करून स्वतःचीच हाक देत आणि उत्तर आले की चालू लागत. मी विचारले तेव्हा त्यांनी मूळ सांगितले. पथकराच्या दिवसांत खिडकीवरच्या माणसाने वाटसरूंची संख्या लपवून पैसे खाऊ नयेत म्हणून वर्गणीदार भागीदारांनी एक जण खिडकीवर आणि एक जण आत बसवला होता. संख्या दोन तोंडांनी बोलली गेली पाहिजे, असा नियम. म्हणजे पद्धत निघाली ती अविश्वासातून. पुढे भागीदार गेले, पैसा गेला, आणि आतला माणूस म्हणून घरात लग्न होऊन आलेली बाई बसू लागली. त्या दोघांमध्ये मी दुसरे फारसे बोलणे ऐकले नाही. त्यांना ते लागत नव्हते.

मी आता जपानमध्येच, ग्योतोकु या उपनगरात मुलाकडे राहतो. तो तोयोसुला एका कंपनीत आहे. सुटीच्या दिवशी आम्हाला कुठे नेताना तो द्रुतगती मार्गावर वळतो, नाक्याचा दांडा आपोआप उचलला जातो आणि गाडीतले यंत्र बाईच्या आवाजात पथकर किती झाला ते सांगते. मुलगा गाणी ऐकत असतो. मी एकदा त्या आवाजाला उत्तर दिले. मागच्या सीटवरून नातू जपानीत म्हणाला, "आजोबा, तिला ऐकू येत नाही." तो बरोबर होता.

ओबासान बुटक्या, कंबरेत वाकलेल्या आणि जिभेने तिखट होत्या. पहिल्या आठवड्यात मी नुसता भात आणि मुळ्याचे लोणचे खाऊन उठत असे, कारण आमटीसारखे जे काही समोर येई त्यात वाळवलेल्या माशाचा कीस उकळलेला असे आणि ते सांगण्याइतके माझे जपानी धीट नव्हते. आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, "गाकुसेइ-सान, तुम्ही जेवता की भाताची विचारपूस करून उठता?" मी अडखळत कारण सांगितले. त्यांनी माझ्याकडे, मग वाडग्याकडे पाहिले. "मासा पाण्यात नुसता पोहून गेला तरी चालत नाही?" मी म्हटले, नाही. ओजीसान खिडकीवरून म्हणाले, "बौद्ध भिक्षू आहे समज." त्या म्हणाल्या, "भिक्षू निदान घोरत नाहीत." दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी एक वेगळे, झाकणाला टवका उडालेले पातेले निघाले. त्यात वाळवलेल्या अळिंब्या आणि समुद्रशेवाळ रात्रभर भिजत घालून त्याच पाण्यात मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाची आमटी होई. अक्रोड खलबत्त्यात कुटून, किंचित साखर घालून उकडलेल्या पालेभाजीला लावत. मला त्यात दाण्याच्या कुटाची चव लागे आणि मी काही बोलत नसे. त्या वाडगा काढून घेताना तो रिकामा आहे का एवढे पाहत. चांगले झाले आहे का, असे त्यांनी कधी विचारले नाही. माझ्या घरीही कोणी विचारत नसे. त्यामुळे मला तिथे परके वाटले नाही, एवढे मी म्हणू शकतो.

ऑगस्टच्या एका दुपारी ओजीसानांनी हाक दिली आणि उत्तर आले नाही. मी वर उतारावर होतो. परतलो तेव्हा वासा पडलेला होता, जंगलखात्याचा माणूस मोटारसायकल स्टँडवर लावून ताटकळत होता, आणि ओजीसान स्वयंपाकघरात ओबासानच्या शेजारी बसले होते. विधी घरातच झाले. तिसऱ्या दिवशी दहनासाठी तिला खालच्या गावात न्यायचे होते. शवपेटी गाडीत ठेवली, ताकेशी-सान पुढे बसले. ओजीसान काळ्या कपड्यांत बाहेर जाऊन खिडकीसमोर उभे राहिले आणि तिच्यासाठी व स्वतःसाठी म्हणाले, "दोन माणसं, खाली!" घर गप्प होते. आम्ही सगळे बाहेर होतो. ते बराच वेळ उभे राहिले, मग आत आले, वासा उचलून गाडीला वाट दिली आणि स्वतः घरात राहिले. त्या दिवसापासून ते वाशाच्या पलीकडे एकदाही गेले नाहीत. ऑक्टोबरात ओल्या दगडावरून पडून त्यांचा गुडघा सुजला, तरी खालच्या दवाखान्यात गेले नाहीत. हाका मात्र चालू होत्या. "एक माणूस, वर!" मग उत्तराला लागला असता तेवढा वेळ शांतता, मग बिजागरीची कुरकुर. मी आत कागदांवर आकडे भरत असे. ती जागा माझी नव्हती. मी भाडेकरू होतो. खुंट्या तेवढ्या ओजीसानच येऊन सरकवीत.

तर त्या दिवशी, सकाळी, ताकेशी-सान ट्रकमधून उतरले. चाळिशीचे, जाडसर, समुद्रकाठच्या शहरातल्या कारखान्यात कामाला. महिनाभरात बर्फ पडायला लागले की घाट एप्रिलपर्यंत बंद होई. वाहन वर येत नसे, छपरावरचे बर्फ रोज उपसावे लागे, न उपसल्यास घर खचे. आदल्या हिवाळ्यापर्यंत म्हातारा-म्हातारी मिळून ते करीत होती. आता सुजलेल्या गुडघ्याचा एक म्हातारा होता. ताकेशी-सान मला अंगणात म्हणाले, "या खेपेला नाही आले तर वसंतात मी त्यांना न्यायला येईन ते पेटीतूनच." मग आत जाऊन बांधाबांध सुरू केली. ओजीसानांनी विरोध केला नाही. गाद्या, भांडी, शेवटी ओबासानच्या अस्थींसह पूर्वजांचा देव्हारा पांढऱ्या कापडात गुंडाळून ट्रकच्या पुढच्या बैठकीवर ठेवला. अकरा वाजेपर्यंत घर मोकळे झाले. ओजीसान टोपी घालून खिडकीपाशी बसून राहिले.

"बाबा, चला."

"खिडकीवर कोण?"

"कोणी नाही. कोणी लागत नाही आता. वर्षभरात किती लोक जातात इथून? कोल्हे धरून?"

"कोल्हे धरले तर बरेच होतील."

"रस्तेखात्याच्या ऑफिसचे लोक परवा येऊन वासा पाडून कुलूप लावणार आहेत. सांगून गेलेत ना तुम्हाला?"

"परवा. आज कोण?"

ताकेशी-सानांनी सुस्कारा सोडला. मग ते वडिलांना दंडाला धरून बाहेर घेऊन गेले, खिडकीसमोर उभे केले आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन ओरडले, "द्या हाक! मी आहे आत!"

बाहेरून शांत आवाज आला. "तू राहणार आहेस का?"

"मी कसा राहणार? गाडी कोण चालवणार?"

"मग ऐकून काय उपयोग. ऐकणाऱ्याने राहायचं असतं." आणि लंगडत परत येऊन ते खिडकीपाशी बसले.

ताकेशी-सान अंगणात माझ्यापाशी आले आणि त्यांनी सिगारेट पेटवली. "अठराव्या वर्षी मी घर सोडलं तेव्हा मागच्या ओढ्यातून गेलो," ते म्हणाले. "हाक दिली असती तर आईला उत्तर द्यावं लागलं असतं. तिने दिलं असतं, हीच भीती होती." त्यांनी माझ्याकडे काही मागितले नाही. त्या देशात माणसे मागत नाहीत. तुमच्या शेजारी उभी राहून सिगारेट संपवतात.

माझे गणित सरळ होते. तारा उतरवायला मला आणखी दोन दिवस हवे होते; ऑफिसचे लोक येईपर्यंत मी तिथे असणारच होतो. उत्तर देण्याचा अधिकार राहणाऱ्याचा असेल, तर त्या घरात तो एकट्या माझा होता. हे ओजीसानांनाही कळत होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते, आणि न पाहणे हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते. मी उत्तर दिले तर ते जातील. दिले नाही तर राहतील, आणि जानेवारीत कधीतरी छप्पर त्यांच्यावर येईल. यात विचार करण्यासारखे काही नव्हते. तरीही मी बराच वेळ अंगणात उभा होतो. ते जावेत असे मला वाटत नव्हते. ओबासान गेल्यावर आम्ही दोघे तीन महिने एका शेगडीच्या दोन बाजूंना बसून न बोलता जेवलो होतो. माझे वेगळे पातेले ते स्वतः चुलीवर ठेवीत. रात्री अळिंब्या भिजत घालायला विसरत नसत. वडिलांच्या घरीही मी कोणाबरोबर इतके दिवस असा जेवलो नव्हतो. हे इथे लिहिले, पुढे जातो.

मी आत गेलो. बूट काढले, स्वयंपाकघराच्या दाराशी, खुंट्यांच्या रांगेखाली बसलो आणि म्हणालो, "ओजीसान, मी इथे आहे."

खिडकीपाशी हालचाल झाली. ते उठले, दाराबाहेर गेले. मला ते दिसत नव्हते, फक्त खडीवरची पावले ऐकू येत होती, एक पूर्ण, एक घासत. मग हाक आली.

"एक माणूस, खाली!"

"एक माणूस, खाली. ऐकलं."

बाहेरून, "गाकुसेइ-सान, आवाज पोटातून काढा. मागे धबधबा आहे."

मी पोटातून काढला. माझे उच्चार वाईट होते. "एक माणूस, खाली! ऐकलं!"

"हं," ओजीसान म्हणाले.

मी एक खुंटी आत ढकलली आणि बाहेर आलो. ते ट्रकमध्ये देव्हाऱ्याशेजारी बसले होते, हात गुडघ्यांवर. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, पाहुण्याला करतात त्याहून थोडा कमी खोल. मीही केला. ताकेशी-सानांनी गाडी सुरू केली. मी वासा उचलला. दगडाचा भार होता तरी तो वाटला त्याहून जड निघाला. ट्रक वळणावर दिसेनासा झाला, आवाज आणखी दोन वळणे ऐकू येत राहिला, मग धबधबाच उरला. ओजीसान त्यानंतर चार वर्षे मुलाकडे राहिले. मी दोनदा भेटायला गेलो. आम्ही टीव्ही पाहिला.

ते घर आज जपलेले आहे. गेल्या वर्षी मुलगा मला तिकडे घेऊन गेला. रंगवलेला वासा आहे, काचेमागे जुना दरफलक आहे, माणसाला किती, घोड्याला किती, माणसाने ओढायच्या रिक्षाला किती. एका पाटीवर घाट कोणी खोदला याची माहिती आहे. हाकेबद्दल काही नाही. खुंट्यांची रांग आहे, तिच्याखाली कपडे टांगण्याची सोय असे लिहिले आहे. तिथल्या बाईंना मी ते चूक असल्याचे सांगितले. त्या अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, कळवते.

ट्रक गेला त्या दुपारी तीनच्या सुमारास जंगलखात्याचा माणूस मोटारसायकलवरून आला. ओजीसान कुठे आहेत, असे त्याने विचारले. गेले, मी म्हटले. तो क्षणभर टोपी हातात धरून उभा राहिला. मी खिडकी सरकवली, नमस्कार केला आणि मागे मान न वळवता म्हणालो, "एक माणूस, वर!" आपल्या मागे रिकामे घर असताना ते वाक्य तोंडातून निघाल्यावर काय होते, हे मला तोवर माहीत नव्हते. तीन महिने मी ते दुसऱ्या बाजूने ऐकत होतो. उत्तराला लागला असता तेवढा वेळ मी थांबलो. समोरचा माणूसही थांबला. त्याला सवय होती. मग मी आत जाऊन खुंटी ओढली, परत येऊन वासा उचलला.

तो वर गेल्यावर मी तारांपैकी खालच्या दोन उतरवल्या आणि गुंडाळून ठेवल्या. सव्वाचारला तो परत आला. "एक माणूस, खाली." खुंटी आत. वर कोणी उरले नव्हते. मी वासा पाडला. तो जाताना म्हणाला, "आज पारा शून्याखाली जाईल," आणि हात वर करून निघून गेला.

आत शेगडीत थोडे निखारे होते. सकाळचा भात होता, तो पाण्यात गरम करून खाल्ला. वाडगा धुतला. मग कंदील घेऊन अंगणातली पाण्याची मुख्य चावी बंद केली, आत येऊन स्वयंपाकघरातला नळ पूर्ण उघडला आणि नळीत साचलेले पाणी वाहून जाईपर्यंत उभा राहिलो, म्हणजे ते गोठून नळी फुटणार नाही. धार बारीक झाली, मग थेंब, मग थेंबही थांबले. मी नळ बंद केला.